लालवाल्यांले बुडवताना

७ एप्रिल, सोमवार

मोनालीनं ही डायरी दिली. बँकेनं वाटली होती, एप्रिल लागला तरी कोणी नेली नाही, म्हणून हिच्या गळ्यात पडली, अन् तिनं माझ्या. म्हणते, "आजी, तू दिवसभर मनातल्या मनात लोकायले शिव्या देतं, त्या याच्यात लिहीत जा." मी म्हणलं, मनात कुठं, मी तर तोंडावर देते. तरी लिहून राहिली. शाळा चौथीपर्यंत झाली माझी. अक्षर मोठं येते, कारण डोळ्यात मोतीबिंदू आहे. बारीक लिहिलं तर मलेच दिसत नाही.

मोनाली माझी नात, महादेवची पोरगी. महादेव माझा मोठा. खापरखेड्याले वीज कारखान्यात आहे, तिथंच क्वार्टरात राहते. पोरगी दोन वर्षांपासून इथं प्रताप नगरात माझ्याजवळ. गल्लीच्या तोंडाशी निळ्या टी-शर्टवाल्या कंपनीचं दुकान आहे, तिथं कामाले जाते. दुकान कसलं! शटर अर्धं खाली, गिऱ्हाईकाले आत जाऊ देत नाही. लोक घरी बसून फोनवर मागवतात, आतल्या पोट्ट्या धावत धावत पिशवी भरतात, बाहेरचे पोट्टे गाडीवर पिशवी घेऊन पळतात. चहा उकळायच्या आत साखर दारात. आमच्या वेळी साखर संपली तर शेजारणीकडे वाटी घेऊन जात होतो. वेळ तेवढाच लागे, फक्त तिच्या सासूचं सारं ऐकून यावं लागे.

मागच्या महिन्यात निळ्यांच्या बरोबर समोर लाल टी-शर्टवाल्यायनं तसंच अर्ध्या शटरचं दुकान उघडलं. आता गल्लीतून दिवसभर निळं-लाल, निळं-लाल. छपरीत बसून पाहिलं का डोळ्यासमोर पतंग उडल्यासारखं होते.

९ एप्रिल, बुधवार

महादेवचा फोन आला. पोरीशी बोलत होता, पण आवाज असा का मले खाटेवर पडल्या-पडल्या ऐकू आला.

"एका गल्लीत दोन दुकानं नाही चालत. तुमचं बंद पडलं का घरी ये. पाहुणे पाहून राहिलो मी."

"बंद नाही पडणार, बाबा."

"अन् पडलं तर?"

"तर येते."

असं म्हणाली अन् ताटावर बसली. पोळीचे तुकडे केले, खाल्ले नाही. मी विचारलं तेव्हा सांगितलं. दोन्ही कंपन्या इथं तोट्यात आहेत. दोघीही सामान स्वस्त देतात, वरून आणून देण्याचं काही घेत नाहीत. जी आधी थकली ती शटर पाडणार. साहेब म्हणते, उन्हाळा संपेपर्यंत एकच राहीन.

म्हणजे भांडण कशाचं, तर जास्त तोटा कोण सोसते याचं! आमच्यात असा धंदा करणाऱ्याले वेड्याच्या डॉक्टरकडे नेत.

मी म्हणलं, "लालवाले एक लिंबू मागवलं तरी फुकट आणून देतात काय?"

"देतात ना."

"मग मागव. रोज एक लिंबू. त्याईचा पोट्टा, त्याईची गाडी, त्याईचं पेट्रोल. बुडवू त्याईले."

पोरगी माझ्याकडं पाहत राहिली. मग हसली. म्हणे, "आजी, एक वाजता मागवू. मी तेव्हा जेवाले येते, फोनवर मीच करून देईन."

पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली.

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी एक वाजता गल्ली तळलेल्या पापडासारखी होते. हात लावला तर मोडन. कुत्रंसुद्धा नालीत. मोतीबिंदूमुळे मले तसंही सारं दुधात बुडवल्यासारखं दिसते, त्यात ते ऊन. मी छपरीत बसली होती. त्या दुधातून एक लाल ठिपका आला, मोठा होत गेला, मग त्याले हात-पाय फुटले, मग गाडी फुटली.

"आजी, लिंबू."

तोंडाले दुपट्टा बांधलेला, नुसते डोळे. उन्हातून आलेल्याले पाणी न पाजता दारातून पाठवणं आमच्यात नाही, मग तो दुश्मन का असेना. पाणी आणाले उठली, टोंगळे दुखतात म्हणून हळूहळू उठली, अन् मधातच लक्षात आलं का बाई, याच्यात तर वेळ जाते! लालवाल्यांचा वेळ! मग तर मी आणखी हळू चालली.

"बस, बाबू."

"घाई आहे, आजी. दुसरी ऑर्डर पडन."

"उन्हात पडला तर कंपनी येते काय उचलाले? बस."

बसला. म्हाताऱ्या बाईले नाही म्हणता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं. पाणी दिलं, त्याच्यावर गूळ दिला, गूळ खाल्ला म्हणून आणखी पाणी दिलं. नाव विचारलं. गोविंदा. काटोलकडचा कुणबी, घरी संत्र्याचा बगीचा आहे, भाऊ पाहते. मग गावाचं विचारलं, मायचं विचारलं. त्याचा फोन खिशात कोंबडीसारखा ओरडत होता.

तेवढ्यात मोनाली जेवाले आली. फाटकाशी उभी राहून तोंडावरचा दुपट्टा सोडत होती. तिनं निळा टी-शर्ट घातलेला, यानं लाल. दोघायनं एकमेकांकडं असं पाहिलं, जशी दोन कंपन्यांची सारी दुश्मनी त्याईच्याच डोळ्यात भरली. पाहत राहिले. मीच म्हणलं, "जा आता गा, तुझी ऑर्डर पडली असन."

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी विहारात गेली, मग पोरायनं रिक्षात बसवून मिरवणूक दाखवली. सारं निळं. माझ्या डोळ्याले तर जमिनीवर आभाळ चालून राहिलं असं दिसलं. आवाज एवढा का छातीत वाजे.

निळ्यांचं दुकान आजही उघडं, लालही उघडं. जगात काही होवो, लोकाले पनीर पाहिजे.

एक वाजता मोनालीनं लिंबू मागवलं. तोच आला. दारातून आत बाबासाहेबांचा फोटो दिसते, हार घातला होता. तो जोडे काढून उभा राहिला अन् म्हणे, "जय भीम, आजी." आवाज बारीक. घाबरला असन, आज लवकर सोडावं म्हणून गोड बोलला. मी काय सोडते! खीर होती. वाटी दिली. मोनाली म्हणाली, "आजी, त्याईले आणखी दे." मी म्हणलं, दुश्मनाचं पोट भरून काय करायचं, तर म्हणे, "पोट जड झालं का गाडी हळू चालते."

बापरे. मी एवढा विचार केला नव्हता.

१८ एप्रिल, शुक्रवार

दुपारी डोळा लागला. कूलरमध्ये नवा वाळा टाकला आहे, त्याच्या वासानं झोप अशी येते का माणूस झोपते का बुडते ते समजत नाही.

स्वप्न पडलं. गल्लीत पाणी भरलं, खिडकीपर्यंत. हिरवं, थंड पाणी. त्याच्यात निळे मासे अन् लाल मासे, तोंडात पिशव्या धरून, इकडून तिकडं, सुळकन. माझी मैत्रीण कौसल्या खिडकीतून टोपली सोडून बसली होती. मी म्हणलं, "अरे, जरा थांबून श्वास तरी घ्या." एक मासा म्हणे, "आजी, श्वासाचे पैसे वेगळे लागतात."

उठली तर गळ्यापर्यंत घाम, लाईट गेलेली.

२२ एप्रिल, मंगळवार

कौसल्याले सांगितलं. कौसल्या म्हणजे माझ्या पाठीमागच्या घरातली, विहारातली मैत्रीण, तोंडानं माझ्यासारखीच. तिले म्हणलं, विहारातल्या साऱ्या बायायले सांग, महिन्याचं मोठं सामान निळ्यांकडून मागवा, अन् लालवाल्यायकडून काडीपेटी, मिरची, एक कांदा, असं. बाया खूश झाल्या. इतक्या दिवसांत कोणी त्याईले भांडाले बोलावलं नव्हतं.

कौसल्या दुपारी माझ्याकडं येऊन बसली. लिंबू आलं, गोविंदा आला, पाणी झालं, गूळ झाला, मोनाली आली, तो गेला. कौसल्या सारं पाहत होती. मग म्हणे, "मनकर्णे, तुले काही दिसत नाही काय वं?"

"मोतीबिंदू आहे, दिसन कसं?"

ती पदर तोंडात कोंबून हसत बसली. म्हातारपणी डोकं हलते लोकाचं.

२६ एप्रिल, शनिवार

एक गोष्ट मले समजून राहिली नाही. रोज तोच पोट्टा काहून येते? लालवाल्याच्या दारात दहा-बारा पोट्टे गाड्यांवर बसलेले असतात. मोनालीले विचारलं. ती भांडी घासत होती, तिनं नळ आणखी मोठा केला. म्हणे, "त्याच्या नशिबात येत असन."

मी विचार केला. त्याईच्याकडं धड चालवणारा एकच असन. बाकीचे नुसते बसाले ठेवले. म्हणजे लाल कंपनी आतून पोकळ आहे. बुडन लवकर.

३ मे, शनिवार

पारा कुठं गेला कोणास ठाऊक. दुपारी भिंतीले पाठ टेकली तर भिंत तापाच्या माणसासारखी.

आज मोनालीचं डोकं दुखत होतं म्हणून मी म्हणलं राहू दे आज, लिंबं खूप झाले, टोपलीत सुकून राहिले. तर म्हणे, "नाही आजी, एक दिवस सोडला का ते वर निघतील." डोकं दुखते अन् डोळ्यात काजळ घातलं. कंपनीची किती काळजी पोरीले! एवढी काळजी माझा महादेव त्याच्या कारखान्याची करता तर आज साहेब असता.

गोविंदा आला तर चेहरा उतरलेला. म्हणे साहेब रागावला, या पत्त्यावर रोज उशीर होते, यादीत नाव खाली गेलं. मले वाटलं, चला, काम होऊन राहिलं. पण मग त्यानं पाणी मागितलं अन् ग्लास दोन्ही हातानं धरून प्याला, लहान पोरं पितात तसा. मले ते पाहवलं नाही. लाल टी-शर्टच्या आत पोट्टा आहे, हे मी रोज विसरते. कंपनीले तर तोंड नाही, तिले शिव्या देता येत नाही, अडवता येत नाही. जो दारात येते त्यालेच अडवते मी.

मग मोनालीचं मनात आलं. खापरखेडा. पाहुणे. गूळ आणाले उठली.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात वंदना, मग खीर. दुपारी कूलरसमोर खाट ओढली. लिंबू आलं. मी पोट्ट्याले म्हणलं, आज तुझा साहेब मेला असं समज, अन् खुर्चीवर बस पाच मिनिटं, डोळे लाल झाले तुझे. तो बसला अन् बसल्या-बसल्या त्याचा डोळा लागला. मोनाली दारात ताट घेऊन बसली होती. हवेत वाळ्याचा वास. पडद्यातून ऊन येत होतं, पण थकून आलेलं, भांडण न करणारं. मलेही झोप आली.

झोपेत कोणीतरी बोलत होतं, लय हळू.

"तुमचं बंद झालं तर?"

"मले खापरखेडा. अन् तुमचं झालं तर?"

"मले काटोल. नाहीतर जिथं पाठवतील तिथं."

"दोन्ही नाही का चालणार?"

मग नुसता कूलर बोलत राहिला. मले समजलं, स्वप्नात दोन्ही कंपन्या बोलून राहिल्या. कंपनीले गाव असते हे मले माहीत नव्हतं. अन् कंपन्या एकमेकीशी इतक्या गोड बोलत असतील तर मग दिवसभर भांडतात कशाले?

उठली तेव्हा दोघं गेलेले. मोनालीचं ताट तसंच, खीर सुकलेली.

२१ मे, बुधवार

कौसल्यानं बातमी आणली. लालवाल्यायनं नवं काढलं, आता आणखी लवकर आणून देणार. निळ्यांनी त्याच्यावर काढलं, त्याच्याहून लवकर. विहारातल्या बाया म्हणतात, काही दिवसांनी मागवायच्या आधीच येईन. कौसल्या म्हणे, माझ्या नवऱ्याचं तसं होतं, मी मागितलं नाही तरी घरी येई.

१ जून, रविवार

लालवाले गेले.

सकाळी ट्रक आला. शटर पहिल्यांदा पूर्ण वर गेलेलं पाहिलं. आतून लोखंडी रॅक काढले, फ्रिज काढले, पाटी काढली. दुपारपर्यंत आत नुसती भिंत. बाया छपऱ्यांत उभ्या राहून पाहत होत्या. मी कौसल्याले पेढे आणाले पाठवलं. साऱ्यायले वाटले. नवं बाळ घरी आल्यासारखं तोंड गोड केलं.

मोनालीले दिला तर तिनं हातात धरला अन् उभी राहिली. मी म्हणलं, खा वं पोट्टे, तुझी नोकरी वाचली. आता बाप काय करते पाहू. तिनं खाल्ला नाही. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. अंग गरम लागलं. ऊन लागलं असन. कांदा तळपायाले घासून दिला.

एक वाजता मी सवयीनं छपरीत बसली. दूर, बंद दुकानापाशी, एक लाल ठिपका उभा होता. आता मोठा होईन, आता होईन म्हणून पाहत राहिली. तो मोठा झाला नाही. लहान होत गेला, अन् मग दुधात विरघळला.

आज त्याच्यासाठी पाणी भरून ठेवलं होतं. सांडलं नाही. मीच प्याली.

४ जून, बुधवार

पोरगी बोलत नाही. कामाले जाते, येते, पडते. मी म्हणलं डॉक्टरकडं चल, तर म्हणे, "आजी, जिंकल्याचं औषध नसते." कोण्या सिनेमातलं असन.

मलेही दुपार काटता येत नाही. गल्लीत आता नुसतं निळं. निळा आपला रंग, मले आवडते, पण नुसतं एकच असलं का डोळा थांबते. अन् एक पाहिलं. निळे पोट्टे आता तेवढे पळत नाहीत. काहून पळतील? मागून कोणी येत नाही.

९ जून, सोमवार

कौसल्या ओरडतच आली. निळ्यांनी फुकट बंद केलं. आणून देण्याचं वेगळं लावलं, वरून छोटी ऑर्डर घेणार नाही म्हणतात. विहारातल्या बाया माझ्या नावानं बोटं मोडून राहिल्या. म्हणतात, मनकर्णानं लालवाले घालवले. मी म्हणलं, मी एकटीनं नाही घालवले, काडीपेट्या तुम्हीपण मागवल्या.

पण खरं सांगते, याच्यात लिहाले काय जाते. मी समजत होती का दोन बैल भांडतात तेव्हा आपला जिंकला का आपलं वावर नांगरून निघते. हे बैल आपले नव्हतेच. आपण नुसतं टाळ्या वाजवाले उभे होतो.

१३ जून, शुक्रवार

मोनालीचं काम गेलं.

दुपारी एक वाजता आली, निळा टी-शर्ट घडी करून हातात. म्हणे आता गर्दी तेवढी नाही, घाई नाही, अर्धे लोक कमी केले. म्हणे साहेब चांगलं बोलला, म्हणाला तुझं काम छान होतं.

मी विचारलं, "अन् लालवाले असते तर?"

"तर असती मी अजून," ती म्हणाली. "दोन्ही होते तोपर्यंतच आमची गरज होती, आजी."

इतके लिंबं मागवले मी. इतका गूळ दिला.

संध्याकाळी महादेवचा फोन. त्याले कोणी सांगितलं माहीत नाही. वाईट बातमी कधीपासून फुकट अन् लवकर घरपोच येते, तिले कोण्या कंपनीची गरज नाही. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणे.

१५ जून, रविवार

महादेव आला. सकाळी दहा वाजता, दोस्ताची गाडी घेऊन. पोरीची बॅग भरलेली होती, तिनं स्वतःच भरली. मी भाजी चिरत होती.

"चल, बेटा. माय, तुझी औषधं आहे ना? काही लागलं तर फोन कर."

मोनाली उठली. बॅग उचलली. काही बोलली नाही, रडलीही नाही. ते मले जास्त लागलं. मी या पोरीले रडताना, ओरडताना, ताट आपटताना पाहिलं. असं चुपचाप सामान उचलताना कधी पाहिलं नव्हतं. दुकानातल्या पिशवीसारखी ती स्वतःच भरून तयार होती, पत्ता लिहिलेली.

मी म्हणलं, "ठेव खाली."

महादेव म्हणे, "माय, बोलणं झालं आपलं. दुकान बंद झालं का—"

"दुकान बंद नाही झालं. दुकान चालू आहे, पोरगी कमी केली. अन् बोलणं तुझं तिच्याशी झालं, माह्याशी नाही झालं."

"मग इथं राहून काय करन ती? काम ना धंदा."

"तू दहावीनंतर दोन वर्षं या छपरीत काय करत होता? काम ना धंदा. मी तुले कोण्या गाडीत भरलं काय?"

मग म्हणे, "पाहुणे येऊन राहिले ना, माय. मी शब्द दिला."

"तू दिला, तू निस्तर. त्याईले म्हण, माय वेडी झाली, सोडत नाही. खरं वाटन, त्याईनं मले पाहिलं नाही."

मोनाली बॅग धरून मधात उभी. तिनं बापाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग बॅग खाली ठेवली. ठेवली म्हणजे काय, सोडली. केवढा आवाज झाला! महादेवनं भाजी-पोळी खाल्ली, तीन पोळ्या, रागात जास्त खाते तो लहानपणापासून. मग गेला. जाताना फाटक जोरात लावलं. लावू दे. दार वाजवणारा पोरगा परत येते, चुपचाप जाणारा येत नाही.

मग मी बसली अन् विचार केला. सारा उन्हाळा मी एका कंपनीले बुडवत होती, दुसरीले तारत होती, का पोरगी इथं राहावी म्हणून. ठेव खाली, एवढंच म्हणायचं होतं. ते मले एप्रिलातच सुचालं पाहिजे होतं.

२२ जून, रविवार

आभाळ भरून आहे, पडत नाही. उजेड राखेसारखा, मऊ. अशा उजेडात मले उन्हापेक्षा बरं दिसते.

मोनाली बर्डीच्या बाजारात एका कपड्याच्या दुकानात कामाचं विचारून आली. उभं राहावं लागते, पण गिऱ्हाईकाचं तोंड दिसते म्हणे. हो-नाही बुधवारी सांगणार.

दुपारचं जेवण झालं तेवढ्यात फाटक वाजलं. पांढऱ्या सदऱ्यातलं कोणी. मी ओळखलं नाही. "जय भीम, आजी," म्हणाला तेव्हा ओळखलं. गोविंदा. लाल नसला का किती साधा दिसते तो. बर्डीच्या कुरिअरच्या गोदामात लागला, आज सुटी.

सवयीनं पाणी आणलं. हळू नाही, माझ्या चालीनं. मग म्हणलं, "मी तर काही मागवलं नाही, बाबू."

"नाही, आजी."

"मग काय घेऊन आला?"

त्याचे दोन्ही हात रिकामे होते. त्यानं हातांकडं पाहिलं, जसे आताच त्याले फुटले. मोनाली दारात उभी, दुपट्ट्याचं टोक बोटाले गुंडाळत, उलगडत. कूलर बंद होता, नाहीतर तो तरी बोलला असता.

रिकाम्या हातानं एवढ्या लांबून माणूस येते कशाले?

मग मले एकेक दिसाले लागलं. एक वाजताचं लिंबू. त्याची वाट पाहून रोज येणारा तोच पोट्टा. काजळ. नळ मोठा केलेला. स्वप्नात गोड बोलणाऱ्या त्या दोन कंपन्या. कौसल्याचा पदर. अन् ती भवानी एवढे दिवस माझ्या छपरीत बसून फुकट सिनेमा पाहत होती, मले त्याचं नावसुद्धा न सांगता!

राग असा आला का हातातला तांब्या फेकावा. म्हणजे मी लालवाल्यांले नाही बुडवलं. या दोघायनं मले कामाले लावलं होतं, बिनपगारी, भर उन्हात. मग हसू आलं. मग महादेवचं आठवलं. काटोलकडचा कुणब्याचा पोरगा. बोंबलन महादेव. त्याच्या मायचं मी विचारलं होतं, तिले आम्ही विहारात जाणारे हे कोण सांगन, ती पण बोंबलन. आवाज मोठा असणारे लोक जगात कमी नाहीत.

त्याच्याकडं पाहून म्हणलं, "घरी माहीत आहे काय?"

"भावाले सांगितलं, आजी. मायले सांगणार आहे."

"काय म्हणन?"

"आधी रडन." मग म्हणे, "मी तरी येईन."

बरं बोलला. गोड नाही बोलला.

मी आतून थैली आणली, मोनालीच्या हातात दिली. "रात्रीले घरात भाजी नाही. गोकुळपेठेच्या बाजारात जा. अंबाडी आण, सांभाराची हिरवी जुडी आण, वांगे पाहून घे, किडलेले आणशील तर परत पाठवीन. दोघं जा."

"आजी, फोनवरून—"

"फोन इथं ठेव."

गोविंदा गाडीकडं वळला. मी म्हणलं, "गाडी राहू दे. पायी जा. अन् ऐका, घाई नाही. सावकाश या."

फाटकापर्यंत दोघं हातभर लांब चालले. पुढं मले दिसलं नाही, दुधात गेले.

आता दिवेलागणीची वेळ झाली. कौसल्या दोनदा येऊन गेली, तिले सांगितलं नाही काही, पाहत बस म्हणलं. चूल थंड आहे. ते अजून आले नाहीत. मी सकाळच्या पोळीवर तिखट-मीठ घेतलं. भाजी उद्या केली तरी चालते.